डाग इथे, भोक तिकडे

सकाळी ८
ऑक्टोबर लागला की वज्रेश्वरीहून अंबाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या शेडमध्ये गोदामांचे बंद बॉडीचे टेम्पो रांगेत लागतात. पावसाळाभर आतला माल भिजलेला असतो. आज मात्र पिकअपच्या पाठीवर खोली बांधलेली गाडी आली आहे. आत पलंग, शेगडी, टपावर सोलर. मालक ठाण्याचे. "पलंगाच्या वर जरा डाग आलाय, मिस्त्री. सिलिकॉन मारून द्या."

९
मिस्त्री हातोडीच्या दांड्याने आतलं प्लायवूड वाजवत जातात. डागापाशी आवाज टणक. खिडकीखाली एकदम भद्द. तिथे पेचकस टेकवला, तर जोर न लावता आत गेला. मालकांचा चेहरा उतरला.

१०
आता पाणी मारायचं, तेही खालून वर. आधीच टपावर पाइप सोडला तर सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. पोऱ्या आत बॅटरी घेऊन बसलेला. खिडकीच्या रबरावर मारलं, काही नाही. मागच्या लाइटवर मारलं, काही नाही. टपावर मारल्यावर मात्र काही वेळाने आतून हाक आली, "आलं, काका!" सोलरची पट्टी बसवताना मारलेला एक स्क्रू. त्याच्या भोकातून पाणी सांगाड्याच्या चौकोनी पाइपात उतरायचं, उताराने पुढे सरकायचं आणि वेल्डिंगच्या फटीतून बाहेर पडायचं. भोक डागापासून चांगलं चार फूट लांब.

११.३०
प्लायवूड काढलं. मागच्या लाकडी पट्ट्या काळ्या, हाताने चुरगळतील अशा. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. पण बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, मध्ये थर्माकोल, मग ते सुकणार कधी? त्यात गेल्या वर्षी कोणीतरी आतून सिलिकॉनचा जाड थर दिलेला. मला विचाराल तर गाडी कुजवली ती या थराने. पाणी यायची वाट उघडी राहिली, जायची बंद झाली. डाग गेला म्हणून मालक वर्षभर खूश.

दुपारी १
जेवण. मालक वज्रेश्वरी देवीचं दर्शन घेऊन आले. वसईच्या स्वारीत चिमाजी अप्पांनी नवस बोलला, १७३९मध्ये किल्ला घेतल्यावर हे देऊळ उभं राहिलं, अशी इथली कथा. येताना अकलोलीच्या कुंडात पायही बुडवून आले. मिस्त्री म्हणाले, "ते पाणी तरी कुठे मुरतं आणि कढत होऊन कुठे वर येतं, दिसतं का?"

२ ते ५
कापाकापी. काळं दिसतं तेवढंच कापून भागत नाही. टणक, सुकं लाकूड लागेपर्यंत जावं लागतं. टपावरचं जुनं सिलिकॉन खरवडण्यातच तासभर गेला, कारण त्याच्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. स्क्रूखाली ब्यूटाइलची पट्टी. नवं प्लायवूड आयएस ७१०, म्हणजे मरीन. तरी त्याच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करायच्याच. पाणी शिरतं ते कडेतून, आणि घाईत विसरली जाते तीही कडच.

५.३०
मिस्त्रींनी सांगाड्याच्या सगळ्यात खालच्या पाइपाला ड्रिल लावलं.
"अहो, गळती बंद करायला आणली ना गाडी?"
"चुकून आलंच तर जाईल कुठून, शेठ? हे बुजवू नका."
प्लायवूड आज लागणार नाही. आतलं पूर्ण सुकेपर्यंत गाडी उघडीच राहील. मालक बॅग घेऊन एसटीला निघाले.