देवीच्या वाटेवरचं संग्रहालय

पुण्यात कुणाला 'काल औंधला गेलो होतो' म्हटलं, की तो परिहार चौकातल्या वाहतुकीबद्दल बोलू लागतो. हे औंध ते नव्हे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातलं हे गाव साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे गेलं, की चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर लागतं. महाबळेश्वर आणि पाचगणीही याच जिल्ह्यात. पण तिकडचा धो धो पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावरच रिकामा होतो आणि खटाव-माणच्या वाट्याला येतं ते वाऱ्यावरचं शिंतोड्याएवढं पाणी. त्यामुळे औंधाला हवा खायला कुणी आलं नाही. ज्वारी, बाजरी, पाणी असेल तिथे बटाटा आणि आलं, मधूनमधून बोडके डोंगर. त्यातल्या एका डोंगरावर यमाईचं मूळपीठ.

त्या डोंगराला पायऱ्या आहेत, गाडीरस्ताही आहे. माथ्यावरचं देऊळ तटाबुरजांच्या आत असल्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो लहानसा किल्लाच वाटतो. आत काळ्या पाषाणातली देवीची बसलेली मूर्ती. गावातही यमाईचं मोठं देऊळ आहे, त्याच्यासमोर मान वाकडी करून पाहावी लागते अशी दीपमाळ आहे, आणि शेजारी औंध संस्थानच्या राजांचा, पंतप्रतिनिधींचा वाडा. पौषात यात्रा भरते, देवीचा रथ निघतो आणि तालुक्यातला शेतकरी बाजारहाटासह सगळं उरकायला औंधात उतरतो.

मला मात्र बोलायचं आहे ते डोंगराच्या निम्म्या वाटेवर उभ्या असलेल्या इमारतीबद्दल. श्री भवानी चित्र-पदार्थ संग्रहालय आणि ग्रंथालय, स्थापना १९३८. आता ते राज्य सरकारच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालय खात्याकडे आहे. देवीला निघालेली माणसं जाता-येता इथे शिरतात. नऊवारीतल्या आजी, टोपीवाले आजोबा, त्यांच्या बोटाला धरलेली नातवंडं, आणि समोर राजा रविवर्म्याची सैरंध्री. धुरंधरांची चित्रं आहेत, पहाडी शैलीतली लघुचित्रं आहेत, हस्तिदंती कोरीवकाम आहे, युरोपीय चित्रशिल्पं आणि त्यांच्या प्रतिकृतीही आहेत. आणि या साऱ्यांत हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची दगडातली लहानशी माता आणि बालक. मूरचं काम पाहायला लोक लंडनला जातात. इथे ते खटाव तालुक्यातल्या डोंगरावर आहे आणि नारळ-ओटी घेऊन चाललेली बाई त्याच्यासमोर क्षणभर थांबून पुढे जाते.

हा संग्रह ज्याने केला, त्या राजाकडे तसा पैसा नव्हता. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, सगळ्यांचे बाळासाहेब, १८६८ साली जन्मले आणि १९०९ साली गादीवर बसले. बडोदा, ग्वाल्हेर, कोल्हापूर यांच्यापुढे औंध म्हणजे चिमूटभर संस्थान: ५०१ चौरस मैल, ७२ गावं, आणि तीही एकसंध नाहीत. औंध इथे, कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात, गुणदाळ थेट विजापुराकडे. एका तालुक्यातून दुसऱ्यात जायचं, तर मध्ये इंग्रजांचा किंवा दुसऱ्या संस्थानिकाचा मुलूख ओलांडावा लागे. असल्या राजाने तिजोरी सांभाळून शिकारी करत बसायचं, हा त्या काळचा शिरस्ता. बाळासाहेबांनी चित्रं जमवली. ते स्वतः चित्रकार होते, रामायणाची चित्रमालिका त्यांनी काढली, वेरूळ आणि अजिंठ्यावर पुस्तकं लिहिली, कीर्तनं केली.

संस्थानिकांना चित्रांचा शौक असणं यात नवल काही नाही. पण बऱ्याच राजांचे संग्रह वाड्यात राहिले आणि प्रजेला ते पाहायला मिळाले ते वाडे मोडीत निघाल्यावर. बाळासाहेबांनी स्वतःचा वाडा सोडून देवीचा डोंगर निवडला. यात्रेकरू ज्या वाटेने जातो, त्याच वाटेवर चित्रं मांडायची, ही कल्पना मला त्या संग्रहातल्या कुठल्याही चित्रापेक्षा मोठी वाटते. कला पाहायला म्हणून खटावचा शेतकरी कधी घराबाहेर पडला नसता. देवीला तो येणारच होता. हे ज्याला कळलं, तो आपली माणसं ओळखून होता. पंचवीस-तीस वर्षं हाताखाली होती म्हणून नव्हे, त्यांच्यापुढे कीर्तनाला उभा राहिला होता म्हणून.

या घराण्याचा इतिहास थोडक्यात आटोपतो. परशुराम त्रिंबक किन्हईचे. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात त्यांनी किल्ले राखले, परत घेतले आणि प्रतिनिधिपद मिळवलं. पुढे पेशवे वर चढले तसे प्रतिनिधी खाली आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बापू गोखल्यांनी त्यांना नमवलं. त्या लढाईत प्रतिनिधींच्या, म्हणजे थोट्या पंतांच्या बाजूने ताई तेलीण वासोट्यावर तटून बसली होती, हे सातारकर अजून चवीने सांगतात. इंग्रज आले, जहागीर उरली, तिचं संस्थान झालं. किन्हईचा जुना वाडा अजून उभा आहे. औंधला येताना वाट थोडी वाकडी करून तो पाहता येतो.

बाळासाहेबांचं जगात नाव झालं ते मात्र सूर्यनमस्कारामुळे. तरुणपणी ते सँडो या व्यायामपटूच्या पद्धतीने, साधनं घेऊन व्यायाम करत. मग सूर्यनमस्कारावर आले ते कायमचे. राजा घालतो, राणी घालते, मुलं घालतात आणि संस्थानातल्या शाळांमधली पोरंही घालतात. १९३६ च्या विलायतेच्या दौऱ्यात लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांना गाठलं आणि १९३८ साली लंडनमध्ये सूर्यनमस्कारांवर इंग्रजी पुस्तक निघालं. आज जगभरच्या योगवर्गांत जो सूर्यनमस्कार घालतात, त्याच्या प्रसारात औंधाचा वाटा मोठा आहे. शाळेत सक्तीने नमस्कार घालणाऱ्या पोरांना त्याचं किती कौतुक होतं, हा वेगळा विषय.

माणसं हेरण्याची त्यांची नजरही चित्र हेरण्याइतकीच होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळच्या माळाची जागा दिली. निवडुंग आणि साप यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथल्या लोखंडी नांगरांनी महाराष्ट्राची जमीन उलथली. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर लाहोरला चित्रकार होते. ते १९१८ च्या सुमारास औंधला आले आणि इथल्या स्वाध्याय मंडळातून त्यांनी वेदांची शुद्ध, स्वस्त छापील पुस्तकं घराघरांत पोचवली. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढे नामवंत चित्रकार झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, त्यामागेही बाळासाहेबांनी देऊ केलेले लाख रुपये होते. १९१९ साली सुरू झालेलं ते काम संपायला १९६६ उजाडलं, तोवर राजाही नव्हता आणि संस्थानही नव्हतं. औंधच्या शाळेत साने गुरुजी काही काळ शिकले, ग. दि. माडगूळकरही शिकले.

आणि मग राजाने राज्यच देऊन टाकलं.

१९३८ च्या अखेरीस बाळासाहेबांनी जाहीर केलं, की औंधात आता प्रजेचं राज्य. त्यांचे चिरंजीव अप्पा पंत नुकते विलायतेत शिकून आले होते. त्यांच्याबरोबर मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा ज्यू इंजिनिअर. तो भारतात आला आणि भगवी वस्त्रं घालून 'भारतानंद' झाला. घटनेचा मसुदा गांधीजींपुढे सेवाग्रामला ठेवला गेला, त्यावर चर्चा झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधाची घटना अमलात आली. तिचा पाया गावपंचायत. खेड्याने आपला कारभार आपण करायचा आणि वरची सत्ता त्यातून उगवायची. कुठल्याही संस्थानाने एवढं केलेलं नव्हतं. दुष्काळी मुलूख, मुळाक्षरांशी झगडणारी प्रजा आणि पुढ्यात जागतिक महायुद्ध, अशा वेळी हा प्रयोग चालला. फसला असं म्हणणारे म्हणतात. मला वाटतं, १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि प्रयोगाची पुरती परीक्षा व्हायच्या आतच पाटी पुसली गेली. नऊ वर्षांत खेडं बदलत नाही, फार तर त्याला बदलायची सवय लागते. कुंडलचंच पाहा: बेचाळीसनंतर क्रांतिकारकांनी उभारलेल्या प्रतिसरकारचं ते मोठं ठाणं होतं. मुंबई इलाख्याच्या पोलिसांच्या पाठलागातून निसटलेल्या माणसांना संस्थानी हद्द जवळ असणं सोयीचंच होतं.

फ्रीडमनचं पुढचं आयुष्यही ऐकण्यासारखं आहे. तो मुंबईत खेतवाडीतल्या एका विडीविक्याच्या पोटमाळ्यावर जाऊन बसू लागला. तो विडीविका म्हणजे निसर्गदत्त महाराज. त्यांचं मराठी बोलणं फ्रीडमनने इंग्रजी ग्रंथात आणलं आणि ते जगभर पोचलं. औंधाची घटना आणि तो अध्यात्मग्रंथ यांच्यात एकाच माणसाचा हात आहे, हे औंधातही फारसं कुणी सांगत नाही.

औंधाच्या स्वराज्यातलं एक रोपटं मात्र जगलं. आटपाडीजवळ १९३९ साली कैद्यांची मोकळी वसाहत काढली, नाव स्वतंत्रपूर. भिंत नाही, बेड्या नाहीत. खुनाच्या शिक्षेतले कैदी बायकामुलांसह राहायचे, माळ खणायचे, शेती करायचे. पळून जायचं तर कुणी अडवणार नव्हतं. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या वसाहतीवर कथा बेतली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली तिचा 'दो आँखें बारह हाथ' केला. सहा कैदी, एक जेलर, ओसाड माळ. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. सिनेमा पाहिलेले लाखो लोक आहेत. तो आटपाडीच्या माळावरून उचललाय हे ठाऊक असलेले थोडे.

औंधात गाणंही आहे. अंतुबुवा जोशी हे औंध दरबारचे गवई. त्यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० च्या सुमारास संगीत उत्सव सुरू केला. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांनी तो पुढे चालवला. गजाननबुवा गायक, व्हायोलिनवादक, आणि एकाहून अधिक घराण्यांची विद्या पचवलेले. पुढे त्यांचे शिष्य-प्रशिष्य हा उत्सव सांभाळत आले. उल्हास कशाळकर हे त्यांच्याच शिष्यांपैकी. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला देशभरचे गायक-वादक या गावी येतात. मुंबई-पुण्याची माणसं गाड्या काढून येतात, तालुक्यातले लोक सतरंजीवर बसतात. ख्याल लांबला की मागच्या रांगेतला एखादा म्हातारा भिंतीला टेकून डोळे मिटतो. तो झोपला आहे की सम मोजतो आहे, हे लगेच ठरवू नये.

किल्ले हवे असतील तर भूषणगड जवळ आहे. सपाटीवर एकटीच उभी राहिलेली टेकडी, वर तट, खाली गाव. वर्धनगड पुसेगावच्या वाटेवर. अरण्य इथे शोधू नका, मिळेल तो बाभळीचा माळ. हिवाळ्यात मात्र येरळवाडी आणि मायणीच्या तलावांवर पाहुणे पक्षी उतरतात आणि खटावात रोहित पाहायला मिळतात. दुष्काळी तालुका असला तरी ज्याने पाणी अडवलं त्याच्याकडे पाखरू येतं, असं इकडचे लोक म्हणतात.

एका दिवसात औंध उरकणारे आधी देवी करतात आणि मग वेळ उरला तर संग्रहालय. मी उलट सांगेन. सकाळी लवकर डोंगर चढा, वाटेत आधी चित्रं पाहा, मग वर देवी. परत उतरताना पुन्हा शिरा, तिकिटाचे चार पैसे गेले तरी चालतील. यात्रेच्या दिवशी आलात तर गर्दी असेल, पण तीच पाहण्यासारखी. मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी आटपाडीची वाट धरा. लांब आहे, ऊन आहे, वाटेत चहाची टपरी मिळेल. स्वतंत्रपूरची वसाहत अजून चालू आहे.