बशी जा, जागा शे

मे महिन्यातली दुपार. सुरतेकडून आलेली गाडी अमळनेर स्टेशनात थांबायची आणि उधन्यात, लिंबायतीत राहणारी आमची निम्मी भावकी लग्नासाठी खाली उतरायची. पत्र्याच्या पेट्या, पिशव्या, झोपेतून उठवलेली पोरं, काठी टेकत येणारी एखादी म्हातारी. स्टेशनाबाहेर लिंबाच्या सावलीत अण्णांची पांढरी सुमो उभी असायची. मागचं दार उघडं, टपावर दोर तयार. माणसं बघून कोणी मागं सरकलं की अण्णा म्हणायचे, "बशी जा ना भो, जागा शे." आणि जागा निघायची.

अमेरिकेत रेल्वे स्टेशनावरून माणसं आणि त्यांचं सामान घरी पोचवणाऱ्या गाड्यांवरून 'स्टेशन वॅगन' हे नाव पडलं. पुढे ते शहरी कुटुंबाच्या लांब पाठीच्या मोटारीला चिकटलं. आपल्याकडे सुमोला कोणी स्टेशन वॅगन म्हणत नाही. पण नावाचा मूळ अर्थ धरला, तर अमळनेर, धरणगाव, चाळीसगाव, भुसावळ अशा स्टेशनांबाहेर उभ्या राहिलेल्या सुमोइतका त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी मला माहीत नाही.

गंमत अशी, की ही गाडी काढणाऱ्या कंपनीच्या नावातच रेल्वे होती. टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे आपली टेल्को, १९४५ साली जमशेदपूरला निघाली ती वाफेची इंजिनं बनवण्यासाठी. १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर करार होऊन ट्रक सुरू झाले. कंपनीला तिचं पुढचं रूप दिलं ते सुमंत मुळगावकर या मराठी अभियंत्यानं. पिंपरी-चिंचवडचा कारखाना उभा राहिला तो त्यांच्याच दृष्टीतून. तिथं आधी हत्यारं बनवणारे आणि ती चालवणारे हात तयार करण्यावर जोर होता, गाड्या मागाहून. १९७७ मध्ये पुण्यातून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं. मुळगावकर १९८९ मध्ये गेले. १९९४ मध्ये नव्या गाडीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्या नावातला 'सु' आणि आडनावातला 'मु' घेतला, इंग्रजी स्पेलिंगमुळे त्याचं 'सुमो' झालं. पुष्कळांना ते जपानी मल्लाचं नाव वाटायचं, आम्हालाही वाटायचं. खरा अर्थ कळला तेव्हा अण्णांच्या गाडीकडे मी वेगळ्या आदरानं पाहू लागलो.

सुमोच्या दोन वर्षं आधी, १९९२ मध्ये, टेल्कोनं खरीखुरी स्टेशन वॅगन काढून पाहिली होती. टाटा इस्टेट तिचं नाव. लांबलचक, देखणी, आत ऐसपैस. इंजिन पुढे सुमोत आलं तेच, सांगाडाही मुळात २०७ पिकअपच्या घराण्यातला. पण ती पाच माणसांची गाडी होती आणि किंमत मोटारीची. खान्देशात पाच माणसांचं कुटुंब शिरगणतीच्या कागदावर असतं. लग्नाला, सप्तशृंगी गडावर किंवा दवाखान्यात जाताना ते कधीच पाचाचं नसतं. इस्टेट फार चालली नाही. तिचंच रक्त असलेली, पण चौकोनी आणि दहा माणसं घेणारी सुमो मात्र पहिल्या तीन-चार वर्षांतच लाखाच्या घरात गेली.

आता इंजिनाकडे येतो, कारण माझा जीव तिथं आहे. या इंजिनाला टेल्कोत ४८३ म्हणत. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८३ मिलिमीटर, म्हणून ४८३. दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. गुणाकार केला की १९४८ सीसी येतात, पुस्तकात लिहिलेले तेवढेच. ताकद साधारण ६३ अश्वशक्ती. दहा माणसं बसली तर माणशी सहा, म्हणजे साध्या स्कूटरीएवढी. आजच्या मापानं हे फार थोडं वाटेल. पण या इंजिनाची घडण समजून घेतली की त्याचा स्वभाव कळतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती आपोआप तापते, त्यात डिझेलचा फवारा मारला की पेट घेते. ४८३ मध्ये हा फवारा थेट सिलिंडरात न मारता वरच्या हेडमधल्या एका छोट्या कोठीत मारत. आग आधी त्या कोठीत लागायची, मग अरुंद वाटेनं मोठ्या जागेत पसरायची. त्यामुळे धक्का मऊ होतो, खडखड थोडी कमी होते, नोझल थोडं झिजलं तरी इंजिन सांभाळून घेतं. तोटाही आहे. त्या कोठीच्या भिंती उष्णता खातात, म्हणून डिझेल थोडं जास्त लागतं, आणि थंडीत हीटर प्लगनं कोठी आधी तापवल्याशिवाय इंजिन उठत नाही. टर्बो नाही, संगणक नाही, सगळा कारभार यांत्रिक पंपाचा.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात पेट्रोलच्या जुन्या मोटारींचे हाल व्हायचे. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ व्हायची, गाडी चढावर मरायची, मग पंपावर ओलं फडकं गुंडाळून सगळे झाडाखाली बसायचे. अँबेसेडर आणि फियाटवाल्यांच्या डिकीत ते फडकं आणि पाण्याची कळशी ठरलेली. डिझेलची वाफ इतक्या सहज होत नाही, त्यामुळे हा ताप सुमोला नव्हता. तिचं पथ्य वेगळं. टाकी कोरडी पडू द्यायची नाही. पडलीच तर नळीत हवा शिरते, मिस्त्री म्हणतात 'गाडीनं एअर घेतली', आणि मग हातपंप दाबत, नट सैल करत, बुडबुडे थांबेपर्यंत ती बाहेर काढावी लागते. दहा-अकरा वर्षांची पोरंही हे काम शिकलेली असत.

खाली ट्रकासारखी लांब दांड्यांची चॅसी, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. ताकद मागच्या चाकांना, आणि मागं पोलादी पाटे. पाट्यांचं एक तत्त्व आहे, ते सुमोत बसलेल्या प्रत्येकाच्या पाठीला माहीत आहे. भार नसेल तर ते ताठ राहतात आणि गाडी उड्या मारते. भार पडला की वाकतात आणि गाडी शांत होते. रिकामी सुमो एरंडोलच्या खड्ड्यांतून नेली तर मणके मोजून घ्यावेत. तीच माणसांनी भरली की नावेसारखी डुलत जायची. शहरी परीक्षक तिला ट्रक म्हणून नावं ठेवत. मला वाटतं त्यांनी ती रिकामी चालवली असावी. ही गाडी भरलेली असावी, याच हिशेबानं तिचे पाटे घडले होते.

मागची बाकडी समोरासमोर होती. तिथं पोरांची जागा. समोरच्याच्या गुडघ्यांत आपले गुडघे अडकवून बसायचं. चौकोनी पाठीच्या गाडीमागं हवेची पोकळी तयार होते आणि ती धूळ आत ओढते, हे भौतिकशास्त्र मी बऱ्याच उशिरा शिकलो. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की कच्च्या रस्त्यानं शेतात पोचलो की मागं बसलेल्या सगळ्यांच्या भुवया मातीच्या रंगाच्या होतात. थंडीत भरिताच्या बेताला हीच बाकडी वर उचलून बामणोदच्या वांग्यांची पोती, कळण्याचं पीठ आणि मोठी पातेली भरली जात.

एक गोष्ट लपवणार नाही. आडव्या बाकड्यांवर बसलेल्याला धडकेच्या वेळी धरून ठेवणारं काही नसतं. टपावर सामान रचलं की गाडीचा तोल वर जातो, आणि वळणावर हे ६३ घोडे तिला वाचवू शकत नाहीत. दहाच्या गाडीत आम्ही चौदा-पंधरा बसायचो. 'जागा शे' म्हणण्यात प्रेम होतं, आणि धोकाही तितकाच होता. आज माझ्या मुलांना मी तसं बसू देणार नाही.

घाट हीच तिची परीक्षा. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट, धुळ्याजवळचा लळिंग, साक्रीहून सुरतेकडे जाताना कोंडाईबारी. जुने चालक सांगत, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. दुसऱ्या गिअरात, एसी बंद करून, खिडक्या उघडून, ट्रकांच्या रांगेत ती न थांबता चढायची. घाईची माणसं कंटाळत. ती पोचायची, हे मात्र खरं.

आणि बिघडली तरी अडचण नव्हती. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. तिथल्या गॅरेजांचे हात ट्रकांवर घडलेले. २०७ उघडलेल्या मिस्त्रीला सुमो परकी नव्हती. पुढे आलेल्या सुमो स्पॅसिओत तर चक्क ४०७ टेम्पोच्या घराण्यातलं २९५६ सीसीचं इंजिन बसवलं होतं: चार सिलिंडर, ९७ चा व्यास, १०० ची धाव. क्लचप्लेट, क्रॉस, पाटे, नोझल, सगळं तालुक्याच्या दुकानात. शिवाय आयटीआय करून पिंपरी-चिंचवडला गेलेली खान्देशी पोरं कितीतरी. दिवाळीला गावी आली की ती अण्णांच्या गाडीचं बॉनेट उघडून उभी राहायची, घरच्या माणसाची नाडी बघावी तशी.

गावात एकच सुमो असली की ती एका घराची राहत नाही. रात्री दोन वाजता कडी वाजायची. कोणाचं बाळंतपण अडलेलं, कोणाला साप चावलेला. मधलं बाकडं रिकामं करून त्यावर गोधडी अंथरायची आणि धुळ्याची वाट धरायची. भाड्याची गोष्ट तेव्हा कोणी काढत नसे. आमच्या गावातली दोन माणसं तरी त्या मधल्या बाकड्यावर जन्मली आहेत. सुमोच्या रुग्णवाहिका पुढे सरकारी दवाखान्यांतही दिसू लागल्या, त्याचं आम्हाला मुळीच नवल वाटलं नाही.

२००० मध्ये क्वालिस आली, मऊ आणि कमी आवाजाची. बोलेरोही त्याच वर्षी. भाड्याच्या धंद्यातले लोक हळूहळू तिकडे वळले. सुमोनं व्हिक्टा, ग्रँडे, गोल्ड अशी नावं घेतली आणि २०१९ मध्ये सुरक्षा व धुराच्या नव्या नियमांच्या तोंडावर तिचं उत्पादन थांबलं. पंचवीस वर्षं झाली होती.

चैत्रात खान्देशातली माणसं सप्तशृंगी गडाकडे पायी निघतात, आणि त्यांच्या मागं पाणी, शिधा आणि थकलेल्यांना घेऊन गाड्या चालतात. अण्णांची सुमोही कैक वर्षं गेली. पण मला आठवते ती पौषातली एक पहाट. धुळ्याकडची थंडी हाडात शिरते. आजीला डोळ्यांच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. सगळे आत बसलेले, काचांवर वाफ. अण्णांनी किल्ली अर्धी फिरवली आणि डॅशबोर्डावर हीटरचा पिवळा दिवा लागला. तो विझेपर्यंत थांबायचं असतं. आजीनं डोळे मिटून हात जोडले होते. कोणीच बोललं नाही. दिवा विझला, अण्णांनी किल्ली पुढे नेली, आणि सगळी गाडी एकदम हलली.