दोन टेबलांमधला काळ

सरकारी कचेऱ्यांतील दिरंगाईविषयी आपल्याकडे जेवढे बोलले जाते, तेवढे बहुधा पावसाविषयीच बोलले जात असेल. आणि दोन्ही बाबतींत बोलणाऱ्याची समजूत अशी असते की, हा सारा कोणाच्या तरी लहरीचा खेळ आहे. फाईल अडली की अडवणारा शोधला जातो. तो बहुधा कारकूनच निघतो, कारण खिडकीपाशी तोच बसलेला असतो. मग परिपत्रक निघते, हजेरीची यंत्रे बसतात, कारणे दाखवा नोटिसा जातात आणि सहा महिन्यांनी गठ्ठे पूर्वीइतकेच उंच दिसतात. अशा वेळी दोष माणसात शोधण्यापूर्वी, ज्या व्यवस्थेतून काम वाहते त्या व्यवस्थेचे अवलोकन करणे अधिक फलदायी ठरावे.

समजा, एखाद्या माध्यमिक शिक्षकाने शस्त्रक्रियेच्या खर्चाचे वैद्यकीय प्रतिपूर्ती देयक सादर केले. मुख्याध्यापकांच्या सहीनंतर ते शिक्षणाधिकारी कार्यालयात जाते. तेथे आवक क्रमांक पडतो, लिपिक टिप्पणी लिहितो, वरिष्ठ ती तपासतो, अधिकारी सही करतो. खर्चाच्या पडताळणीसाठी कागद जिल्हा शल्यचिकित्सकांकडे रवाना होतो, तेथून परत येतो. पुढे मंजुरी, तरतूद, वेतन पथक, कोषागार. या वाटेवर दहा टेबले धरली आणि प्रत्येक टेबलावर कागदाला प्रत्यक्ष हात लागण्याचा काळ वीस मिनिटे मानला, तर सारी बेरीज साडेतीन तासांच्या आत राहते. देयक मात्र पाच महिन्यांनी निघते. उरलेला सर्व काळ तो कागद कोणाच्याच हातात नसतो. तो ट्रेमध्ये, कपाटात, टपालाच्या पिशवीत किंवा गठ्ठ्यात आपल्या पाळीची वाट पाहत असतो. या एका देयकापुरता दहाही जणांनी हात दुप्पट वेगाने चालवला, तरी पाच महिन्यांतून वाचतात ते पावणेदोन तास! दरम्यान त्या शिक्षकाने रुग्णालयाचे बिल भागवण्यासाठी पतपेढीतून काढलेल्या कर्जावर व्याज चढतच असते. ते व्याज प्रतिपूर्तीच्या कोणत्याही नमुन्यात बसत नाही.

ताटकळण्याचे शास्त्र नवे नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये दूरध्वनीच्या रांगांचे गणित मांडून त्याचा पाया घातला. पुढे १९६१ मध्ये अमेरिकेतील जॉन लिटल यांनी एक अत्यंत साधे सूत्र सिद्ध केले. दररोज सरासरी किती प्रकरणे येतात आणि प्रत्येक प्रकरण सरासरी किती दिवस कार्यालयात राहते, यांचा गुणाकार म्हणजेच प्रलंबित प्रकरणांची सरासरी संख्या. ज्या शाखेत रोज ४० प्रकरणे येतात आणि तेवढीच बाहेर पडतात, तेथे १२०० प्रकरणे पडून असतील, तर नव्या अर्जदाराला सरासरी ३० कामाचे दिवस थांबावे लागणार. लिपिक सज्जन आहे की दुर्जन, याचा या हिशेबाशी संबंध नाही. साहेबांची चिठ्ठी आणून एखाद्याने आपला कागद वर काढला, तर त्याचे दिवस कमी होतात आणि मागच्यांचे वाढतात. सरासरी जागची हलत नाही. वशिल्याचे अर्थशास्त्र एवढेच आहे.

आता महाराष्ट्राने या दुखण्यावर केलेला उपाय पाहावा. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून अंमलात आला. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे त्याचे कलम १० सांगते. हेतू स्तुत्यच होता. परंतु दहा टेबलांवर प्रत्येकी सात दिवस म्हणजे सत्तर कामाचे दिवस झाले, आणि त्यात कोणीही मुदत मोडलेली नाही. अंतिम निर्णयासाठी पंचेचाळीस दिवसांची, आणि दुसऱ्या विभागाचा सल्ला लागल्यास तीन महिन्यांची मर्यादाही याच कायद्यात आहे. पण सातव्या दिवसाचा जाब ज्याला द्यायचा तो माणूस टेबलावर बसलेला दिसतो, पंचेचाळीसाव्या दिवसाचा धनी मात्र कोणीच नसतो. साहजिकच प्रत्येकजण आपले टेबल मोकळे ठेवण्याच्या मागे लागतो, आणि टेबल मोकळे करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्रुटी काढून कागद परत धाडणे. पहिल्या फेरीत मूळ पावती नाही म्हणून, दुसऱ्या फेरीत पावतीवर डॉक्टरांची सही नाही म्हणून! दोन्ही उणिवा पहिल्याच दिवशी दिसत होत्या. पण दोन्ही एकदम दाखवण्यात टेबलाचा काहीच लाभ नव्हता.

२०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाला विहित कालमर्यादेत सेवा मिळण्याचा हक्क दिला, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद केली, आणि अधिसूचित सेवांपुरते तरी मोजमाप टेबलावरून अर्जाकडे वळवले. हे पाऊल निश्चितच पुढचे होते. तथापि मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. अर्ज परिपूर्ण आहे की नाही, हे ठरवतो कोण? तर तेच टेबल.

व्यवस्थेचा विचार करणाऱ्यांचे मुख्य म्हणणे येथेच लागू पडते. रसेल अ‍ॅकॉफ हे अमेरिकन विचारवंत मोटारीचा दृष्टान्त देत असत. जगातील उत्तमोत्तम मोटारींचे एकेक भाग निवडून ते एकत्र जोडू गेल्यास मोटार तयार होत नाही, कारण ते भाग एकमेकांत बसतच नाहीत. कचेरीचेही तसेच आहे. आवक शाखा तत्पर, लेखा शाखा काटेकोर, आस्थापना शाखा नियमांत निष्णात, अशी प्रत्येक शाखा आपापल्या जागी निर्दोष असूनही अर्जदाराचे काम अडकून राहू शकते. किंबहुना प्रत्येकीच्या निर्दोषपणाच्या आग्रहापायीच ते अडकते.

यावर कर्मचारी संघटनांचे उत्तर ठरलेले आहे: पदे रिक्त आहेत. हे उत्तर पळवाट म्हणून झटकून टाकण्याजोगे नाही, कारण रांगेचे गणित त्यांच्याच बाजूचे आहे. काम अनियमितपणे येत असेल आणि ते करणारा एकच माणूस असेल, तर साध्या गणिती प्रतिकृतीनुसार, तो निम्मा वेळ व्यग्र असता नव्या कागदाला सरासरी एका कामाइतका वेळ थांबावे लागते. व्यग्रता ८० टक्क्यांवर गेली की ही प्रतीक्षा चार कामांइतकी होते, ९० टक्क्यांवर नऊ आणि ९५ टक्क्यांवर एकोणीस. म्हणजे शेवटच्या पाच टक्क्यांतच ती दुपटीहून अधिक वाढते. तीन जणांचे काम दोघांवर टाकून वेतनाची बचत झाली असे मानणारा वित्त विभाग ही वाढ पाहत नाही, कारण ती त्याच्या खतावणीत कोठे उमटतच नाही. रिकाम्या बसलेल्या लिपिकाचा पगार अंदाजपत्रकात दिसतो. ताटकळलेल्या हजार अर्जदारांचे बुडालेले दिवस, एसटीची भाडी आणि कर्जावरचे व्याज कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते. त्यात अनुदानाची तरतूद वर्षभर थेंबथेंब आणि मार्चअखेर एकदम पुरासारखी सोडण्याची आपली रीत! फेब्रुवारीत अर्धे रिकामे असलेले टेबल मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बुडून जाते, आणि तेव्हा झालेल्या चुका पुढच्या वर्षी त्रुटी म्हणून परत येतात.

शिवाय, साचलेले काम स्वतःच नवे काम निर्माण करते. स्मरणपत्र, दुसरे स्मरणपत्र, अर्धशासकीय पत्र, लोकप्रतिनिधींची शिफारस, माहिती अधिकारातील अर्ज: यांतील प्रत्येकाला आवक क्रमांक पडतो आणि प्रत्येकाला उत्तर द्यावे लागते. पहिल्यांदा काम न झाल्यामुळेच जी मागणी उद्भवते, तिला ब्रिटनमधील जॉन सेडन यांनी अपयशजन्य मागणी म्हटले आहे. ज्या लिपिकाचा निम्मा दिवस ‘माझ्या कामाचे काय झाले’ या प्रश्नाला उत्तर देण्यात जातो, त्याच्या हाताखाली आणखी एक लिपिक दिला, तर तोही याच प्रश्नाची उत्तरे देत बसेल.

महाराष्ट्राला या दिशेच्या विचाराची ओळख नाही असे मात्र नाही. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची मांडणी, अभिलेखांची वर्गवारी आणि कामाच्या पद्धती मुळापासून बदलल्या. तो प्रयोग पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजला. सहा गठ्ठा पद्धत तर आज प्रत्येक लिपिकाला तोंडपाठ असते. तीत प्रतीक्षाधीन प्रकरणांचा गठ्ठा वेगळा काढावा लागतो, आणि काम कोठे तुंबले आहे हे त्या एकाच गठ्ठ्यावरून कळू शकते. पण तपासणीच्या दिवशी पाहिले जाते ते गठ्ठ्यांची फडकी नवी आहेत का, हे! सुधारणेला अधिकाऱ्याचे नाव मिळाले की ती त्याच्या बदलीबरोबर जाण्याचा धोका असतोच. ई-ऑफिसचीही हीच कसोटी आहे. कागदाची जागा पडद्याने घेतली, परंतु दहा टेबलांची वाट तशीच ठेवली, तर वाचतो तो केवळ शिपायाचा फेरा. पूर्वी ट्रेमध्ये पडून राहणारे प्रकरण आता संगणकात पडून राहते.

मग करावे काय? टोयोटाच्या कारखान्यात ताईची ओनो यांनी उत्पादनाची दिशाच उलटी केली: मागच्याने तयार माल पुढे ढकलत राहायचे नाही, पुढच्याने लागेल तेवढाच मागून घ्यायचा. त्यामुळे कामगारांच्या मध्ये ढीग साचेनासे झाले, आणि कोठे अडते ते तत्काळ दिसू लागले. कचेरीत अर्जदाराला दारातून परत धाडता येत नाही हे खरे; परंतु सर्वांत अडलेल्या टेबलाकडे किती कागद सोडायचे, हे ठरवता येते. तेथे बसलेल्या माणसाकडून दूरध्वनी, बैठका आणि तक्ते भरण्याची कामे काढून घेता येतात. सर्वांत अनुभवी माणूस प्रकरणाच्या शेवटी सहीसाठी न बसवता आरंभी अर्ज तपासायला बसवता येतो, म्हणजे सगळ्या उणिवा अर्जदार समोर असतानाच कळतील. आणि टप्पे कमी करता येतात. निर्णयासाठी सादरीकरणाचे टप्पे तिनापेक्षा अधिक नसावेत, हे तर उपरोक्त कायद्यातच आहे. सात दिवसांची जेवढी चर्चा झाली तेवढी या तरतुदीची झाली नाही.

आक्षेप असा येईल की, या सह्या उगाच आलेल्या नाहीत. ते मान्य केले पाहिजे. बहुतेक सहीमागे कधी काळचा एखादा अपहार किंवा लेखाआक्षेप असतो, आणि सार्वजनिक पैशाला पहारा हवाच. परंतु दहा पहारेकरी असले की प्रत्येकजण इतर नवांवर विसंबतो. खालच्याने तपासले म्हणून वरचा सही करतो आणि वरचा पाहणारच आहे म्हणून खालचा. गैरव्यवहार उघडकीस आल्यावर दहाही सह्या जागच्या जागी आढळतात.

आज कार्यालयाच्या मासिक विवरणपत्रात आरंभीची शिल्लक, आवक, निर्गत आणि अखेरची शिल्लक हे रकाने असतात. अर्ज दाखल झाल्यापासून अर्जदाराच्या हातात पैसे वा दाखला पडेपर्यंत किती दिवस गेले, हा रकाना त्यांत सहसा नसतो. त्यासाठी लागणाऱ्या दोन्ही तारखा दफ्तरी आहेत, एक आवक नोंदवहीत आणि दुसरी जावक नोंदवहीत. दोन तारखांची वजाबाकी करायला नवे पद मंजूर करून घ्यावे लागत नाही.