गिअरचं तेल: निसरडेपणा हवा, पकडही हवी

जुन्या पद्मिनीच्या गिअर बॉक्समध्ये दुकानातलं सगळ्यांत महाग तेल भरलं आणि आठवड्याभरात दुसरा गिअर टाकताना खर्रर्र आवाज येऊ लागला, अशी तक्रार जुन्या गाड्या जपणाऱ्यांत नवी नाही. बॉक्स उघडण्याआधी तेलाचा डबा तपासावा. बऱ्याचदा उत्तर तिथेच छापलेलं असतं.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे चारही गिअर स्टिअरिंगजवळच्या दांड्याने पडतात. पहिल्याला सिंक्रो नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकायचा. वरच्या तिन्ही गिअरना मात्र सिंक्रोच्या रिंगा असतात. जुन्या गाड्यांत या रिंगा सहसा पितळेच्या किंवा ब्राँझच्या. तेलाचा सगळा प्रश्न या रिंगांभोवती फिरतो.

गिअर बदलताना दोन भाग वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. त्यांचे दात एकमेकांत अडकण्याआधी रिंग गिअरच्या पोलादी शंकूवर दाबली जाते. तिच्या आतल्या बारीक खाचा मधला तेलाचा थर कापतात, रिंग शंकूला घट्ट धरते, दोघांचा वेग एक होतो आणि मग दांडा अलगद आत जातो. म्हणजे त्या क्षणी आपल्याला घर्षण हवं असतं. तेल फार निसरडं असेल तर रिंग घसरते, वेग जुळत नाही आणि दात दातांवर आपटतात.

आता डबा हातात घ्या. त्यावर दोन खुणा असतात. पहिली दाटपणाची: एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९०. हा आकडा इंजिन ऑइलच्या मापाने वाचू नका, दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४० किंवा ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं.

दुसरी खूण अधिक महत्त्वाची: जीएल-४ की जीएल-५. दोन्हींत गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असतात. प्रचंड दाबाखाली दातांमधला तेलाचा थर फाटला, तर ही संयुगं पोलादावर संरक्षक पापुद्रा तयार करतात. जीएल-५ मध्ये त्यांचं प्रमाण साधारण दुप्पट. म्हणून ते ‘वरच्या दर्जाचं’ वाटतं. पण ५ हा ४ च्या वरचा वर्ग नाही, ते वेगळ्या कामाचं तेल आहे. तापलेलं गंधक पितळेला हळूहळू खातं. आजच्या अनेक जीएल-५ तेलांत हा त्रास कमी केलेला आहे, तरी रिंगा घसरण्याची शक्यता उरतेच. पितळी रिंगांच्या बॉक्सला म्हणूनच जीएल-४ किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं त्याहून सौम्य तेल द्यावं.

मागच्या डिफरन्शियलचं गणित उलटं. हायपॉइड पद्धतीत पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर जोराने घासत सरकतात. तिथे जीएल-५ हवंच. एकाच डब्यातून दोन्हीकडे तेल ओतण्याचा मोह इथे महागात पडतो.

प्रत्येक जुन्या गाडीला हाच नियम लावू नका. १९५९ च्या मिनीत गिअर बॉक्स इंजिनच्या खालीच आहे आणि दोघांना एकच इंजिन ऑइल पुरतं. मॉरिस मायनरच्या बॉक्समध्येही इंजिन ऑइलच पडतं. ऑटोमॅटिक गाड्यांत फोर्डचं ‘टाइप एफ’ क्लचना चटकन पकडू देतं, तर जनरल मोटर्सचं ‘डेक्सरॉन’ त्यांना जरा सरकू देऊन हळुवार जोडतं. प्रश्न पुन्हा पकडीचाच. म्हणून पुस्तिका आधी, मिस्त्रीचा सल्ला नंतर.

तेल बदलताना गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे कोमट तेल पूर्ण निथळेल. सपाट जागी उभी करा आणि आधी भरण्याचा बोल्ट सैल होतो का ते पाहा. तो गंजून अडकला आणि खालचा उघडून बसलात, तर गाडी जागची हलणार नाही. निघालेलं तेल उन्हात धरा. राखाडी, मऊ चिखल म्हणजे रोजची झीज. पिवळी चमक दिसली तर रिंगा झिजताहेत. पोलादाचे कपचे आले तर बॉक्स उघडायलाच हवा. नवं तेल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत येऊ द्या, जास्त नको. जादा तेल सीलमधून बाहेर येतं. जुनं तेल गटारात न ओतता गॅरेजच्या पिंपात द्या.

शेवटी गाडी काढा आणि तिसऱ्यातून दुसरा टाकून पाहा. दांडा निमिषभर अडतो, मग आत जातो. ते क्षणभर अडणं म्हणजे रिंगेने शंकू धरल्याची खूण. तेल बरोबर निवडलं, हे हाताला तिथेच कळतं.