शेगडीचे त्रैराशिक

रसायनशास्त्रातील गणित म्हटले की विद्यार्थ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. वस्तुतः ते आपले जुने त्रैराशिकच होय. आणि थंडीच्या दिवसांत ज्या घरात कोळशाची शेगडी पेटते, त्या घराला तर त्याचे उत्तर ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन. कार्बनचा अणुभार १२, प्राणवायूचा १६. पुरता जळताना कार्बनचा एक अणू प्राणवायूचे दोन अणू घेतो. म्हणजेच १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम प्राणवायू लागतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. वजन कोठेही नाहीसे होत नाही.

आता त्रैराशिक मांडा. १२ ग्रॅमला ३२, तर एक किलोला किती? सुमारे २.६७ किलो. हवेच्या वजनात प्राणवायूचा वाटा शेकडा २३. तेव्हा त्यासाठी साडेअकरा किलोंच्या वर हवा हवी. एक घनमीटर हवेचे वजन १.२ किलो धरल्यास ही हवा साडेनऊ घनमीटरांहून अधिक भरते. तीन मीटर लांब, रुंद व उंच खोलीत एकूण हवा अवघी २७ घनमीटर!

परंतु खरा धोका त्याआधीच उभा राहतो. प्राणवायू अपुरा पडला की कार्बनचा अणू एकाच अणूवर भागवतो. मग १२ ग्रॅम कार्बन १६ ग्रॅम प्राणवायू घेऊन २८ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निर्माण करतो. हा विषारी वायू साधारण २४ लिटर जागा व्यापतो. आपल्या खोलीत हवा २७,००० लिटर. म्हणजे दहा हजार भागांत सुमारे नऊ भाग विष. प्रमाण क्षुल्लक वाटते ना? पण अशा हवेत पाऊण तासात डोके दुखू लागते, चक्कर येते, मळमळते. दोन तासांत शुद्ध हरपू शकते आणि पुढे प्राणावर बेतते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो. झोपलेल्या माणसाला तर त्याची चाहूलही लागत नाही.

आणि हे सारे केवळ १२ ग्रॅम कार्बनचे, मुठीत सहज मावणाऱ्या कोळशाचे!

म्हणून निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर ठेवावी. वर राख धरलेले निखारेही आतून धुमसत असतात, त्यांवर विसंबू नये. शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी ठेवावी. थोडी थंडी लागेल. परंतु हिशेब चुकणार नाही.