हातभर घोड्याची कारागिरी

मातीचा घोडा करायला घेतला की पहिली अडचण पायांची येते. पोट, छाती, पुठ्ठा, मान यांत माती भरपूर, आणि तो सगळा भार चार काटकुळ्या पायांवर. माती ओली असते तोवर पाय वाकतात, सुकली की तडकतात. म्हणून आत तारेचा सांगाडा घालावा लागतो. हा सांगाडाच चुकला तर वरून कितीही माती चढवा, जनावर उभे राहत नाही. घोड्याच्या पुढच्या पायाचा आपण जो गुडघा समजतो ते शरीररचनेने त्याचे मनगट असते, आणि मागच्या पायाचा उलटा वाकलेला गुडघा ही त्याची टाच. एवढे ज्याला उमगले नाही, त्याचा घोडा टेबलासारखा उभा राहतो.

टीचभर, हातभर उंचीचे हुबेहूब घोडे घडवणे आणि रंगवणे हे अमेरिकेत अनेक कलावंतांचे आयुष्यभराचे काम आहे. त्याचे मूळ १९५० साली शिकागोत सापडते. ब्रेयर नावाच्या प्लॅस्टिकच्या कारखान्याने एका घड्याळ कंपनीसाठी घड्याळाशेजारी उभा राहणारा घोडा ओतून दिला. लोकांना घड्याळापेक्षा घोडा आवडला आणि कारखाना घोड्यांचाच झाला. ख्रिस हेस या शिल्पकाराने पुढे कित्येक वर्षे या कंपनीचे बहुतेक मूळ नमुने घडवले. खऱ्या घोड्याच्या नवव्या हिश्शाएवढे माप तिथे रूढ झाले. १९९० पासून दर उन्हाळ्यात केंटकी राज्यात या घोड्यांची जत्रा भरते आणि देशोदेशीचे संग्राहक तिथे जमतात.

कारखान्याचा घोडा शेवटी साच्यातला, एकासारखा एक. कलावंताचे काम तिथून पुढे सुरू होते. तो विकतचा घोडा घेतो, रंग खरवडतो, पाय करवतीने कापतो, प्लॅस्टिक गरम करून मान वळवतो आणि सांधे पुट्टीने भरून स्नायू नव्याने घडवतो. काही जण साचा बाजूला ठेवून मुळापासून स्वतःचे शिल्प करतात आणि त्याच्या मोजक्याच प्रती राळेत ओतून विकतात. मग येते रंगकाम, आणि माझ्या मते खरी तपश्चर्या तिथे आहे. घोड्याची कातडी एका रंगाची कधीच नसते. पोटाखाली ती फिकी, सांध्यांवर गडद, नाकपुडीजवळ गुलाबी. खडूच्या रंगाची पूड कोरड्या कुंचल्याने थरावर थर चढवायची, प्रत्येक थर पक्का करायचा, मग तैलरंग घ्यायचे. करड्या घोड्याच्या अंगावरचे ठिपके एकेक करून उठवायचे. डोळ्यातली ओल शेवटी, चकचकीत रोगणाच्या एका थेंबाने. अशा घोड्यांच्या स्पर्धेत परीक्षक आधी हाडे बघतात, रंग नंतर. पाऊल ज्या चालीत पडायला हवे त्याच चालीत पडले आहे का, हे तपासतात.

चालीचा हा प्रश्न जुना आहे. घोडा भरधाव पळताना चारही पाय जमिनीवरून सुटतात का, यावर एकोणिसाव्या शतकात वाद होता. १८७८ साली मायब्रिज या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून पळत्या घोडीची चित्रे टिपली. पाय सुटतात हे खरे ठरले. पण सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. तोवरचे मोठमोठे चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले घोडे रंगवत आले होते. फ्रेंच चित्रकार देगाने ती छायाचित्रे अभ्यासली आणि मेणाचे छोटे घोडे घडवत राहिला. ते त्याने जगाला दाखवले नाहीत. १९१७ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या चित्रशाळेत मेणामातीची कितीतरी शिल्पे निघाली, त्यांत हे घोडेही होते. आज त्यांच्या काशाच्या प्रती संग्रहालयांत आहेत.

आपल्याकडे छोटा घोडा घडवण्याची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे आणि ती देवघरात आहे. खंडोबाचा टाक बघा. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून उठवलेला तो घोडा बोटाच्या दोन पेरांएवढा असतो, तरी त्याच्या पाठीवर खंडोबा आणि म्हाळसा बसलेली, बाजूला कुत्रा. रोज पाणी, हळद, भंडारा आणि बोटांचा स्पर्श यांनी तो झिजत जातो. जेजुरीला नेऊन टाक उजळून आणायचे किंवा नवे करून घ्यायचे, ही रीत अनेक घरांत आजही आहे. ओतीव पितळेचे अश्वारूढ खंडोबाही घडत आले. कथा सांगते की मणी दैत्याने शरण येऊन आपला पांढरा घोडा देवाला दिला, आणि म्हणून हा दैत्य घोड्याच्या पायाशी असतो. मला त्यात ओताऱ्याची हुशारी दिसते. पोटाखालचा दैत्य आणि पायांशी असलेला कुत्रा मूर्तीला आधार देतात; धातूचा भार एकट्या पायांवर येत नाही. पाश्चात्त्य शिल्पकार संगमरवरी घोड्याच्या पोटाखाली झाडाचा बुंधा ठेवत आले, आपल्या कारागिराने कथेतलेच पात्र ठेवले. असे पितळी घोडे आज परदेशांतल्या संग्रहालयांत काचेआड मांडलेले आहेत. खालच्या पाटीवर महाराष्ट्र असते, शतक असते. घडवणाऱ्याचे नाव नसते, कारण ते कुणी लिहूनच ठेवले नाही.

ज्याचे नाव राहिले असा आपला घोडा घडवणारा म्हणजे विनायक पांडुरंग करमरकर, लोकांचे नानासाहेब. जन्म १८९१, अलिबागजवळच्या सासवण्यात. घरात गणपती घडवण्याची आणि रंगवण्याची कला होतीच, त्यामुळे माती आणि रंग दोन्ही लहानपणीच हाताखालून गेले. मुलाने भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी त्याची रवानगी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत केली. पुढे कलकत्ता झाले, लंडन झाले. पुण्याच्या शिवाजीनगरला शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवाजी महाराजांचा जो अश्वारूढ पुतळा आहे, तो करमरकरांचा. त्याची कोनशिला १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली होती, पुढाकार राजर्षी शाहू महाराजांचा. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले आणि काम राजाराम महाराजांच्या काळात, १९२८ साली, पुरे झाले. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतला गेला. एवढ्या मोठ्या मूर्तीचे तुकडे वेगवेगळे ओतून जोडणे सोपे. एका ओतात साधायचे तर वितळलेला धातू शेपटीच्या टोकापर्यंत गोठण्याआधी पोहोचावा लागतो. करमरकरांनी ती जोखीम पत्करली.

पुतळ्यापुढे उभे राहणाऱ्यांची नजर आपसूक शिवाजी महाराजांच्या चेहऱ्याकडे जाते, ते योग्यच. पण पुढच्या वेळी थोडे बाजूला सरकून घोडाही बघावा. पुठ्ठ्यातला जोर, मानेतला ताण, खाली येणाऱ्या शिरा. स्वार जिवंत वाटतो याचे अर्धे श्रेय त्या जनावराला आहे. करमरकरांच्या सासवण्याच्या घरात आता त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे.

मी हे लिहितो आहे नाशिकजवळच्या एकलहऱ्यातून. इथून निफाड, विंचूर करत येवल्याला गेले की मंगळवारी घोडेबाजार असतो आणि दसऱ्याच्या सुमारास तो फुलून येतो. घोडा घडवू पाहणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही. व्यापारी घोड्याचे दात बघतात, त्याला चालवून बघतात, अंगावरचे भोवरे तपासतात. रंगांची तर आपली स्वतःची भाषाच आहे: चारही पाय आणि कपाळ पांढरे तो पंचकल्याणी, गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र तो नुकरा, दोन रंगांचे मोठे पट्टे तो अबलख, काळ्या आयाळीचा तांबूस तो कुमाईत, काळाभोर तो मुश्की. अमेरिकेतला कलावंत ज्या छटा पुस्तकांतून आणि छायाचित्रांतून शिकतो, त्या इथे उन्हात दावणीला उभ्या असतात.

आणि विषयही समोर आहे. मराठी फौजा ज्याच्या पाठीवर उत्तरेपर्यंत गेल्या तो दख्खनचा भीमथडी घोडा, ठेंगणा, काटक, कमी चाऱ्यावर लांब मजल मारणारा. आपल्या पुतळ्यांतले घोडे बहुधा उंचेपुरे, अरबी बांध्याचे दिसतात. भीमथडीची खरी मापे घेऊन, त्याची खरी चाल टिपून हातभर शिल्प करणे हे आपल्या मूर्तिकारांनी मनावर घ्यावे असे काम आहे. नाशिक, पेण, कोल्हापूर इथे गणपतीच्या कारखान्यांत सांगाडा, साचा, फवाऱ्याचा रंग आणि डोळ्यांची आखणी हे सगळे कौशल्य हाताशी आहे, आणि गणेशोत्सव संपला की बऱ्याच हातांना काम कमी असते. अशा एखाद्या मूर्तिकाराकडे गेलात तर त्याला भीमथडी घोडा करून मागा, योग्य मोल द्या, आणि तळाशी त्याची सही करून घ्या.