ऊसबिलातून शिल्लक किती?

सांगली जिल्ह्यातल्या घरांची बचत समजून घ्यायची, तर आधी ऊसबिलाची वाट पाहावी. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस तुटायला 15 ते 18 महिने लागतात. तोवर खत, भांगलण, पाणीपट्टी हा खर्च बहुधा गावच्या विकास सोसायटीच्या पीककर्जावर चालतो. ऊस कारखान्याला गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यावी असा नियम आहे, पण पैसे अनेकदा हप्त्याहप्त्यानं येतात. बिल बँकेत जमा झालं की सोसायटीची वसुली आधी कापली जाते. त्यानंतर उरतं त्यात वर्षभराचा किराणा, मुलांची फी आणि लग्नकार्य. शिल्लक पडायची ती यातूनच. शेतकरी कितीही काटकसरी असला, तरी बिल लांबलं की उधारी वाढते आणि शिल्लक तिच्यातच जिरते.

मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाचं गणित वेगळं. त्याच्या हातात रोज पैसा येतो, पण थोडा. तेवढ्यासाठी बँकेच्या रांगेत उभं राहिलं तर मजुरी बुडते आणि पैसा घरात ठेवला तर खर्चून जातो. म्हणून पिग्मी चालते: एजंट रोज दारात येऊन दहा-पन्नास रुपये घेऊन जातो. मुदतीआधी मोडली तर व्याजाला मुकावं लागतं, तरी लोक भरतात. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी 1997 मध्ये सुरू केलेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेनंही बायकांच्या दारापर्यंत जाऊनच ठेवी गोळा केल्या.

पुढचा प्रश्न विश्वासाचा. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. म्हणून बरीच घरं थोडं सोनं बाळगतात. कृष्णेला 2005, 2019 आणि 2021 मध्ये महापूर आला, तेव्हा घर सोडताना सोबत नेता येईल अशी पुंजी तीच. अडचणीला ते गहाणही पटकन पडतं.

जिल्ह्यातल्याच खानापूर-आटपाडीकडे पाऊस बेभरवशाचा. पण तिथली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली आणि बाहेरचा पैसा गावी येऊ लागला. अशा घराला दुष्काळातही हाताशी रक्कम राहते. शेजारच्या निव्वळ कोरडवाहू घराला त्याच वर्षी साठवलेलं मोडावं लागतं. दोन्ही घरं तितकीच काटकसरी असतात. फरक पाडते ती मिळकतीची खात्री.